लोहचुंबक चिकटेना

मागच्या ऑक्टोबरात टिलामूकच्या जंगलात मी पिकअप ट्रक उताराला पाव मैल रिव्हर्समध्ये आणला. समोर ओंडक्यांनी भरलेला अजस्र ट्रक, एका बाजूला दरी, आणि शेजारी नवरा डॅशबोर्ड धरून गप्प. एकतीस वर्षांच्या संसारात तो इतका वेळ गप्प बसल्याचं मला तरी आठवत नाही.

आम्ही ओरेगनमध्ये हिल्सबरोला राहतो. हायवे ६ पकडला की थोड्याच वेळात कोस्ट रेंजच्या डोंगरात शिरतो. हे जंगल पाहिलं की वाटतं अनादि काळापासून असंच असेल, पण तसं नाही. १९३३ साली इथे प्रचंड वणवा लागला, मग १९३९, १९४५ आणि १९५१ साली पुन्हा. बरोबर सहा-सहा वर्षांनी, कुणी शाप दिल्यासारखा. नंतर लोकांनी, त्यात शाळेतली पोरंसुद्धा आली, रोपं लावून हे सगळं पुन्हा उभं केलं. ती लावलेली डग्लस फरची झाडं आता तोडणीला आली आहेत. म्हणून या जंगलात खडीचे एकेरी रस्ते आहेत, आणि त्या रस्त्यांवर ओंडक्यांचे ट्रक.

मी तिथे जाते अळंबीसाठी. सावंतवाडीच्या माणसाला अळंबीचं वेड असतं, ते अमेरिकेत येऊन जात नाही. आमच्याकडे वारुळावर उगवतात तशी नव्हेत ही, शॅन्टरेल म्हणतात त्यांना, जर्दाळूच्या रंगाची. पावसाळा लागला की शेवाळात दिसायला लागतात. तर त्या दिवशी मी चढ चढत होते, वळणावर तो ट्रक समोर आला, आणि मी माझ्या जागी निवांत थांबले. आंबोली आणि करूळ घाटात गाडी शिकलेली मी. चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने थांबायचं, हे माझ्या हाडात आहे. पण इथे उलटं. भरलेला ट्रक खाली येत असेल तर बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं, कारण ३५-३६ टनांचं ते धूड खडीवर मागे कसं जाणार? ड्रायव्हर खिडकीतून वाकला, रागावला वगैरे नाही, एवढंच विचारलं, ‘रेडिओ नाही का?’ मी म्हटलं, फोन आहे. तो हसला. फोनवर एकही काडी नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

घरी आल्यावर शेजारच्या काकांना सांगितलं. काका म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचे गोरे आजोबा, सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर ओंडक्यांचा ट्रक चालवला. ते म्हणाले, रस्त्याच्या तोंडाशी छोटी पाटी असते, तिच्यावर सीबी आणि एक आकडा. पाटी मी पाहिली होती. तो आकडा वनखात्याचा काहीतरी असेल असं समजून पुढे गेले होते. तो चॅनलचा आकडा. त्या चॅनलवर ट्रकवाले आपण कुठल्या मैलावर आहोत, भरलेले की रिकामे, वर चाललोय की खाली, हे सांगत असतात. खालून येणाऱ्याने ऐकायचं आणि वेळेत रस्त्याकडेच्या फुगवट्यात गाडी घालून थांबायचं. म्हणजे त्या दिवशी तो माणूस सगळ्या जंगलाला ओरडून सांगत होता आणि मी आशाताई ऐकत होते.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. अमेरिकेत १९५८ पासून २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा हा पट्टा सामान्य माणसाला दिलेला आहे. परवाना लागत नाही, परीक्षा नाही, नाव नोंदवायचं नाही. आधी २३ चॅनल होते, १९७७ पासून ४०. शक्ती ४ वॅट, बस. घरातला लहानसा एलईडी दिवाही याहून जास्त खातो. हे मी दादाला फोनवर सांगितलं. त्याचे चिऱ्यांचे ट्रक आहेत. तो म्हणाला, ‘ट्रकाक एरियल कित्याक गो? हॉर्न नाय काय गाडयेक?’ गंमत म्हणजे भारतातही २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ५ वॅटपर्यंत विनापरवाना वापरायला मोकळा आहे. दादाला सांगितलं. त्याने विषय बदलला.

रेडिओ जुना घेतला, साधा, चाळीस चॅनल आणि दोन बटणं. रेडिओत फारसं काही नसतं हो, खरं काम अँटेनाचं. लांबीचा हिशेब सोपा आहे. २७ मेगाहर्ट्‌झची लहर साधारण ११ मीटर लांब. तिचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फूट. एवढी काठी ट्रकवर उभी केली की उत्तम चालते, पण नऊ फुटांची काठी घेऊन मी कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये जाणार नाही. म्हणून मग चार फुटांची फायबरग्लासची काठी, जिच्यावर तार गुंडाळलेली असते. लांबी कमी करायची तर तार कुठेतरी गुंडाळून बसवावी लागतेच. वरच्या टोकाला वेढे दाट असतात.

बसवायला सर्वांत सोपं काय? लोहचुंबकाचा तळ. टपावर ठेवायचा, केबल दारातून आत घ्यायची, झालं. मी तोच मागवला. खोक्यातून काढून टपावर टेकवला, हात सोडला. तो शांतपणे घसरत काचेवरून बॉनेटवर आला आणि तिथून टणकन खाली. मला वाटलं चुंबकावर कागद राहिला असेल. नव्हता. पुन्हा ठेवला, पुन्हा टणकन.

आत जाऊन फ्रिजवरचा सिंधुदुर्ग किल्ल्याचा मॅग्नेट घेऊन आले. ट्रकला प्रदक्षिणा घातली. टप नाही, बॉनेट नाही, दारं नाहीत, हौदा नाही, मागचं फळकूट नाही. शेवटी जमिनीवर उताणी पडून खालच्या चासीला लावला, तिथे खटकन बसला. आमचा ट्रक २०१७ चा फोर्ड एफ-१५०. २०१५ पासून या ट्रकची पूर्ण बॉडी अॅल्युमिनियमची आहे, फक्त चासी पोलादाची. वजन त्यामुळे सातशे पौंडांपर्यंत घटलं असं तेव्हा जाहिरातीत सांगत होते. मी व्यवसायाने प्रोसेस इंजिनिअर. दिवसभर धातूंचे थर मोजते. हा ट्रक मी स्वतः निवडून, चार दिवस वाचून घेतलेला. नवऱ्याने काहीच विचारलं नाही, फक्त तो सिंधुदुर्ग पुन्हा फ्रिजवर लावताना जरा जास्त वेळ घेतला.

अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण वीज त्यातून उत्तम जाते. आणि हीच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. काठी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या पायाखालचा पत्रा. लहर काठीवर आणि पत्र्यावर मिळून उभी राहते. काठीचा पाय त्या पत्र्याशी नीट जोडलेला नसेल तर काठी कितीही महागाची घ्या, तुम्ही अर्ध्या अँटेनावर बोलताय.

तर मग हौद्याची कड. पिकअपच्या हौद्याच्या कडेवर चौकोनी भोकं असतात, पूर्वी त्यात लाकडी कठडे खोचायचे. त्यात बसणारा एक ब्रॅकेट मिळतो. केबिनच्या मागच्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या भोकात तो बसवला. काठी तिथून टपाच्या बरीच वर जाते. हे महत्त्वाचं, कारण दाट वेढे वरच्या टोकाला, आणि ते केबिनच्या पत्र्याआड राहिले तर उपयोग नाही. कोपऱ्यातली अँटेना सगळीकडे सारखी बोलत नाही, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. जिकडे पत्रा जास्त पसरलाय तिकडे आवाज जास्त जातो. म्हणजे डाव्या मागच्या बाजूला बसवली तर उजव्या पुढच्या दिशेला. मला समोरून येणारे ट्रक ऐकायचे होते, तेव्हा चालण्यासारखं होतं.

वायरिंगचं फार सांगत नाही. लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसला, बॅटरीजवळच फ्यूज घालून. काळी मात्र बॅटरीच्या मायनसला नाही, बॉडीच्या बोल्टला. या ट्रकमध्ये मायनसच्या टोकाशी बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर असतो, त्याला वळसा घालून वीज घेतली की त्याचा हिशेब चुकतो. अँटेनाची केबल अठरा फुटी आली, मला अकरा पुरली असती. उरलेली घट्ट गुंडाळून बांधू नका. सीटखाली नागमोडी पसरून ठेवली.

काकांनी त्यांचा जुना एसडब्ल्यूआर मीटर दिला, सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात. रेडिओ आणि अँटेना यांच्या मध्ये तो जोडायचा. तो काय मोजतो? आम्ही लहानपणी बागेत पाटाचं पाणी माडांच्या आळ्यांत सोडायचो. आळ्याचं तोंड बुजलेलं असलं की पाणी आत शिरायचं नाही, पाटातच मागे फुगायचं, आणि आजी लांबूनच ओरडायची. रेडिओ ताकद सोडतो, अँटेना ती घेईना तर ती केबलमधून मागे फुगते. एसडब्ल्यूआर म्हणजे त्या फुगवट्याचा आकडा. १ म्हणजे सगळं पाणी आळ्यात. दीडला शंभरातले चार भाग मागे येतात, दोनला नववा हिस्सा, तीनला पाव हिस्सा. आधीच चार वॅट, त्यातला एक परत घरी! आणि परत आलेली ती ताकद रेडिओतच उष्णता होऊन बसते, ट्रान्झिस्टर भाजून काढते. तीनच्या वर आकडा असेल तर बटण धरून ठेवायचं नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रक नेला. गॅरेजमध्ये मोजून उपयोग नसतो, भिंतीतलं लोखंड मधे येतं. दारं बंद, मागचं फळकूट बंद. काका त्यांच्या घडीच्या खुर्चीत थर्मास घेऊन बसले. मीटरची पद्धत अशी: माइकचं बटण दाबायचं, गुंडी फिरवून काटा ‘सेट’च्या खुणेवर आणायचा, मग खटका दुसरीकडे करून आकडा वाचायचा, बटण सोडायचं. चॅनल १, १९ आणि ४० वर. एकोणिसावा मुद्दाम, कारण २७.१८५ मेगाहर्ट्‌झ हा पट्ट्याचा बरोबर मध्य आहे. ट्रकवाल्यांचा अड्डाही तिथेच.

चॅनल १ वर काटा लाल भागात जाऊन खिळला. १९, तेच. ४०, तेच. काका म्हणाले, ‘बटण सोड.’ आणि कॉफी ओतायला लागले.

मल्टिमीटर काढला. दोन टोकं विजेने जोडलेली असली की तो बीप करतो. काठी ज्यावर बसते तो खिळा आणि ब्रॅकेट यांच्यात बीप वाजायला नको होता. वाजला. म्हणजे सिग्नल थेट ट्रकच्या पत्र्याला टेकलेला. ब्रॅकेटमध्ये प्लॅस्टिकचा एक वायसर असतो, खांदा असलेला. त्याचा खांदा भोकात बसला की खिळा धातूपासून अलग राहतो. मी तो उलटा घातला होता. काकांनी तो शनिवारीच पाहिला होता, हे त्यांनी नंतर कबूल केलं. ‘मी सांगितलं असतं तर तू पुढच्या वेळी पुन्हा उलटा घातला असतास,’ म्हणाले. आमच्या आजोळी असेच एक मामा होते, पोहायला शिकवताना विहिरीच्या काठावर विडी ओढत बसणारे.

वायसर सरळ केला. पुन्हा मोजलं. चॅनल १ वर २.६, १९ वर २.४, ४० वर २.५. सुधारलं, पण हे आकडे बघा. तिन्ही जवळजवळ सारखे. लांबीची चूक असेल तर एका टोकाला आकडा चढतो आणि दुसऱ्या टोकाला उतरतो. सगळीकडे सारखाच वाईट असेल तर दोष काठीत नाही, पायात. पुन्हा मल्टिमीटर, या वेळी ब्रॅकेट ते चासी. इथे बीप हवा होता. शांतता.

ब्रॅकेट रंगावर बसला होता. वर काळा लेप, खाली ट्रकचा रंग, आणि रंगाखाली अॅल्युमिनियमचा स्वतःचा थर. अॅल्युमिनियम घासलं की हवेत क्षणात त्यावर ऑक्साइडची साय धरते, आणि ती साय वीज अडवते. रोज कामावर मी याच सायींशी भांडते, त्यामुळे इथे मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही. रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, लगेच त्यावर ऑक्साइड रोखणारी पेस्ट, आणि दातेरी वायसर, जो सायीतून दात रोवतो. स्टेनलेसचा बोल्ट अॅल्युमिनियमला टेकला आणि ओरेगनचा पाऊस मधे शिरला की अॅल्युमिनियम कुरतडत जातं, म्हणून पेस्ट जरा सढळ हाताने. शिवाय तांब्याची विणलेली पट्टी ब्रॅकेटपासून खाली पोलादी चासीपर्यंत नेली. हौदा रबरावर बसलेला असतो, त्याच्या बोल्टांच्या भरवशावर राहायचं नाही.

ती पट्टी हातात घेतली तेव्हा एकदम आमच्या ओसरीवरची जाळीची एरियल आठवली. चापट, विणलेली, दोन टोकांना चिनीमातीचे मणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाबा पावसाळ्याआधी ती उतरवून चिंचेने घासायचे. तेव्हा आम्हाला तो त्यांचा चक्रमपणा वाटायचा.

बीप वाजला. चॅनल १ वर १.३, १९ वर १.७, ४० वर २.१. आता हे बोलके आकडे. वरच्या चॅनलला आकडा चढतोय म्हणजे काठी लांब पडतेय. चॅनल १ ला चढला असता तर आखूड. या काठीच्या टोकाला एक स्क्रू असतो, रबरी टोपीखाली. आत फिरवला की काठी आखूड, बाहेर काढला की लांब. एकेक फेरा आत, टोपी परत घालायची (टोपी नसताना मोजलेला आकडा टोपी घातल्यावर बदलतो, हे एकदा करून पाहिलं), खाली उतरायचं, मोजायचं.

नवरा हौद्यात उभा राहून स्क्रू फिरवत होता, मी आत मीटरपाशी. ‘आलं का?’ ‘अजून थोडं!’ गच्चीवर दूरदर्शनची अँटेना फिरवलेल्या माणसांना यापुढचं सांगायला नको. पण एक फरक. तेव्हा दादाने दांडा धरला की चित्र स्वच्छ यायचं, सोडला की मुंग्या, म्हणून रविवारचा सिनेमा संपेपर्यंत बिचारा वरच. इथे माणूस अँटेनाजवळ उभा असला की आकडाच बिघडतो. प्रत्येक वाचनाला नवऱ्याला उडी मारून पंधरा पावलं लांब पळावं लागत होतं. सहाव्या फेरीला त्याने विचारलं की हे काम आपण बाजारातून अळंबी आणून टाळू शकलो नसतो का.

शेवटी १.४, १.२, १.५. काका खुर्ची मिटून उठले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

घरी आलो आणि गॅरेजच्या दारात काठी चौकटीला खाड. दार सात फुटी. हे मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. मग काठी चटकन काढता येईल असा फिरकीचा जोड घेतला, खिळा आणि काठी यांच्या मध्ये. दोन इंचांचा. बसवला आणि सहज म्हणून मोजलं, तर चॅनल ४० परत दोनच्या वर. दोन इंच काठी वाढली, दुसरं काय. पुन्हा शाळेचं पार्किंग, पुन्हा नवऱ्याच्या उड्या. स्प्रिंग, जोड, जे काही लावायचं ते आधी लावा आणि मग मोजा. हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं आणि विसरले होते.

पहिल्या संध्याकाळी अंगणात ट्रकमध्ये बसून चॅनल १९ ऐकत होते. हायवेवरचे ट्रकवाले तुरळक, पण मधूनच दक्षिणेकडच्या लांबट हेलातला एक माणूस इतका स्पष्ट आला की तो कोपऱ्यावर उभा असावा. नव्हता. सूर्यावर डाग वाढलेल्या वर्षांत २७ मेगाहर्ट्‌झची लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून उसळी मारून हजारो मैल जाते. २०१७ पर्यंत १५५ मैलांपलीकडच्या माणसाशी बोलणं नियमात बसत नव्हतं, आता बसतं. मी काही बोलले नाही. काय बोलणार, जेवलात का?

या सप्टेंबरअखेर पुन्हा त्याच रस्त्याला गेलो. पाटीवरचा चॅनल लावला. दुसऱ्या मैलाच्या खुणेपाशी थांबून ऐकलं. खरखर, मग आवाज: लोडेड, पाच, डाउन. थोड्या वेळाने लोडेड, चार. मी माइक उचलला, घसा साफ केला, काकांनी शिकवलं होतं तसं म्हटलं, ‘पिकअप, अप, टू.’ लगेच उत्तर आलं, पुढच्या फुगवट्यात थांबशील का, मी चारवर आहे. आणि मी बटण दाबून अगदी स्वच्छ मराठीत म्हटलं, ‘हो हो, थांबते मी, या तुम्ही.’

दोन सेकंद नुसती खरखर. मग, सीबीवर ‘समजलं’ला म्हणतात ते, ‘टेन-फोर... आय थिंक.’

ट्रक सावकाश गेला, ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, धुळीने काच भरली. आता एकच कटकट उरलीय. नवऱ्याचा फोन चार्जरला लावला की रेडिओत बारीक कुंईं सुरू होते, म्हणून जंगलात मी चार्जर काढून ठेवते. त्यावर त्याची तक्रार आहे की फोन उतरतो. काडी एक नसते तिथे, पण तक्रार आहे.